किनाऱ्यावर वेचलेल्या तिसऱ्या, कालवं, शिणाणे: खाण्याआधी काय माहीत असावं

सुट्टीत गावी गेलात, ओहोटीला खाडीत उतरलात आणि दोन तासांत पातेलंभर तिसऱ्या वेचून आणल्यात. त्या खाव्यात का? बहुतेक वेळा याचं उत्तर ‘हो, नीट शिजवून खा’ असंच आहे. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या, खुबे, मुळे, शिणाणे, कालवं हे पिढ्यानपिढ्यांचं अन्न आहे. त्यात उत्तम प्रथिनं आहेत, लोह आणि बी-१२ भरपूर आहे. आम्ही डॉक्टर ते बंद करायला सांगत नाही.

तरीही किनाऱ्यावर स्वतः वेचलेल्या शिंपल्यांमध्ये दोन वेगळे धोके असतात आणि लोक त्या दोन्हींची गल्लत करतात. पहिला धोका जंतूंचा. तो पूर्ण शिजवल्याने जवळजवळ संपतो. दुसरा धोका समुद्रातल्या सूक्ष्म शैवालातून येणाऱ्या विषाचा. तो उकळून, तळून, आमसूल घालून, गोठवून, कशानेही जात नाही. हा दुसरा धोका क्वचित येतो, पण येतो तेव्हा काही तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून लेखाची सुरुवात त्याच्यापासूनच करू.

खाल्ल्यावर ओठांना मुंग्या आल्या तर

शिंपले खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांच्या आत ओठ, जीभ, चेहरा यांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला आणि तो बोटांकडे पसरू लागला, तर ती अ‍ॅसिडिटी नव्हे. लगेच १०८ ला फोन करा किंवा असेल त्या गाडीने निघा. वाट पाहू नका, ‘झोपला की बरं वाटेल’ म्हणून झोपवू नका. यापुढची पायरी अशी असते: बोलणं जड होतं, चालताना तोल जातो, हातपाय लुळे पडतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. मधल्या टप्प्यात माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. त्यामुळे समारंभात किंवा पार्टीत हे लक्षण हमखास दुर्लक्षित होतं.

या विषावर उतारा नाही. पण उपचार आहे, आणि तो साधा आहे: विष शरीराबाहेर जाईपर्यंत व्हेंटिलेटरने श्वास चालू ठेवणं. पहिले १२ ते २४ तास निभावले की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. म्हणून फोन करतानाच सांगा, ‘शिंपले खाल्लेत, मुंग्या येतायत, श्वास बंद पडू शकतो, व्हेंटिलेटर लागेल.’ जवळ प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर आधी तिथे न्या, तिथून ऑक्सिजन लावून पुढे हलवता येतं. मोठं रुग्णालय दोन तासांवर असेल तर मधल्या वाटेचा विचार निघतानाच करायला हवा.

वाटेत रुग्णाला काही खायला-प्यायला देऊ नका. गिळण्याची ताकद कमी झालेली असते आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. मीठपाणी पाजून उलटी काढायला लावू नका, त्याचंही कारण तेच. एका कुशीवर झोपवा. श्वास थांबला तर तोंडाने श्वास द्या, आणि नाडी लागत नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. इथे तोंडाने दिलेल्या श्वासाला विशेष महत्त्व आहे, कारण पुष्कळदा फक्त श्वास थांबलेला असतो, हृदय चालू असतं. आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी लक्षात ठेवावी. रुग्ण हलू-बोलू शकत नसला तरी तो शुद्धीवर असू शकतो. तुम्ही जे बोलता ते त्याला ऐकू येत असतं. त्याच्याशी बोला, त्याच्यासमोर रडारड करू नका.

त्याच भांड्यातलं ज्यांनी-ज्यांनी खाल्लं त्या सगळ्यांना, अगदी लक्षण नसलेल्यांनाही, सोबत न्या. उरलेलं कालवण आणि न शिजवलेले शिंपले फेकू नका. पिशवीत बांधून, वर चिठ्ठी लावून फ्रीझरमध्ये ठेवा. तपासणीला त्याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही, आणि त्यावरून त्या खाडीतल्या इतर गावांना वेळेत सावध करता येतं.

हे विष येतं कुठून?

शिंपले हे गाळून खाणारे प्राणी आहेत. पाणी आत घ्यायचं, त्यातले सूक्ष्म कण आणि शैवाल ठेवून घ्यायचे, पाणी बाहेर सोडायचं. एक मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला शंभर लिटरहून जास्त पाणी असं गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते, चांगलं आणि वाईट, त्याच्या शरीरात साठत जातं. समुद्रात काही जातींची सूक्ष्म शैवालं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ती अचानक वाढली की शिंपल्यात हे विष जमतं. शिंपल्याला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो ताजा, जिवंत, टपोरा दिसतो. माणसाच्या शरीरात मात्र हे विष नसांमधून संदेश नेणारी दारं बंद करतं. या विषबाधेला डॉक्टर पॅरालिटिक शेलफिश पॉयझनिंग म्हणतात.

‘हे सगळं परदेशात होतं’ असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. १९८१ मध्ये तमिळनाडूत कल्पाक्कमजवळच्या वायलूर इथे शिंपले खाऊन ८५ जण रुग्णालयात दाखल झाले आणि ३ जण दगावले. १९८३ मध्ये मंगळूरच्या दक्षिणेला कुंबळेच्या खाडीत असाच उद्रेक झाला, म्हणजे गोव्यापासून फार दूर नाही. सप्टेंबर १९९७ मध्ये केरळात विळिंजम इथे शिणाण्यांमधून विषबाधा होऊन ७ जणांचा मृत्यू झाला आणि सुमारे ५०० लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. तिन्ही ठिकाणी लोक वर्षानुवर्षं जे खात आले तेच त्या दिवशीही खात होते. ‘आमच्या आजीपासून इथलेच शिंपले खातोय’ हा अनुभव खरा असतो, पण त्यातून कालच्या भरतीबरोबर काय आलं ते कळत नाही.

या विषाची भावंडंही आहेत. एकामुळे अर्ध्या तासापासून काही तासांत जुलाब-उलट्या सुरू होतात आणि साधारण तीन दिवसांत थांबतात. आपल्याकडे ते ‘काहीतरी बाधलं’ या नावाखाली जात असावेत. दुसरं, डोमॉइक आम्ल, मेंदूवर परिणाम करतं. १९८७ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिणाणे खाऊन शंभराहून अधिक लोक आजारी पडले आणि काहींची नवी गोष्ट लक्षात ठेवण्याची क्षमता गेली.

लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त धोका असतो. वजन कमी, त्यामुळे तेवढंच विष त्यांना जास्त लागतं. आणि इथे एक सवय मुद्दाम सांगायला हवी. सॅक्सिटॉक्सिन पाण्यात विरघळतं. शिंपले उकळले की ते मोठ्या प्रमाणात रसात उतरतं. ‘मटण नको, नुसता रस भातावर घाल’ म्हणून आपण मुलाला किंवा आजारातून उठलेल्या माणसाला जे देतो, तोच या बाबतीत सर्वांत वाईट भाग असू शकतो.

घरगुती परीक्षांचं काय?

चांदीचा चमचा काळा पडतो का, भातासोबत शिजवल्यावर भाताचा रंग बदलतो का, माशी बसते का, आधी मांजरीला घालून पाहू. यातल्या कुठल्याच परीक्षेने हे विष ओळखता येत नाही. त्याला रंग, वास, चव नाही. मांजर तासाभरात ठीक दिसली तरी त्याचा अर्थ काहीच होत नाही.

समुद्राच्या पाण्याचा रंग ही अर्धवट उपयोगाची खूण आहे. पाणी लालसर, तपकिरी किंवा शेवाळी दिसत असेल, किनाऱ्यावर मेलेले मासे येत असतील, तर त्या भागातले शिंपले वेचू नका, हे नक्की. पण उलट बाजू खरी नाही. पाणी स्वच्छ दिसत असतानाही शिंपल्यात विष असू शकतं, कारण शैवालं येऊन गेली तरी विष शरीरात राहतं. काही जातींत ते काही आठवड्यांत कमी होतं, काहींत महिनोन्महिने टिकतं. अलीकडे कोकण किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी होते. ती चमक बहुधा नॉक्टिल्युका या जीवाची असते. तो स्वतः सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही, पण शैवालांच्या वाढीला पाणी पोषक झालंय एवढं त्यावरून समजावं आणि त्या दिवसांत वेचणं टाळावं, असं माझं मत.

महिने पाळण्याच्या पद्धतीचंही तसंच. पावसाळ्यात शिंपले न खाण्याची रीत चांगली आहे, पण तिचं कारण मुख्यतः गढूळ पाणी आणि घाण हे आहे. विषाच्या बाबतीत ती पूर्ण संरक्षण देत नाही.

घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात तीन-चार तास ठेवून वाळू काढतात, ते जरूर करा. त्याने वाळू जाते. विष आणि आतले जंतू जात नाहीत.

मग करायचं काय? जिथे सरकारी तपासणी होत नाही अशा ठिकाणी धोका शून्यावर आणता येत नाही, फक्त कमी करता येतो. निर्यातीच्या शिंपल्यांसाठी पाण्याची आणि विषाची तपासणी असते. एका किलो मांसात ०.८ मिलिग्रॅमहून जास्त सॅक्सिटॉक्सिन आढळलं तर ते विकता येत नाही, ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. पण खाडीत उतरणाऱ्या साध्या माणसाला ‘आज इथलं चालेल का’ हे पाहता येईल अशी सोय आपल्याकडे रूढ नाही. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून शैवालांच्या वाढीवर नजर ठेवते. त्यावरून वाढ कळते, तुमच्या टोपलीतलं विष कळत नाही. अशा स्थितीत सर्वांत उपयोगी माहिती गावातच असते. खाडीत रोज उतरणाऱ्या बायकांना विचारा: गेल्या पंधरा दिवसांत पाणी बदललंय का, मासे मेलेत का, कोणाला खाऊन त्रास झालाय का? त्या स्वतः उतरत नसतील तर तुम्हीही उतरू नका. पहिल्यांदा वेचलेले शिंपले थोडेच खा, आणि एकाच बैठकीत घरातल्या सगळ्यांनी ताट भरून खाऊ नका. आणि दारूबरोबर तर नकोच, कारण मग पहिली लक्षणं कळत नाहीत.

जागा कशी निवडावी

जंतूंच्या बाबतीत सगळं जागेवर ठरतं. सांडपाण्याचा नाला, गावाचा ओढा, मच्छी जेटी, हॉटेलांचं पाणी जिथे खाडीला मिळतं तिथून वेचू नका. मोठा पाऊस पडून गेल्यावर निदान आठवडाभर थांबा, कारण वरून वाहून आलेली सगळी घाण तेव्हा खाडीत असते. अशा पाण्यातल्या शिंपल्यांमधून कॉलराचे आणि टायफॉइडचे जंतू, नोरोव्हायरस, कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू येऊ शकतात. १९८८ मध्ये चीनच्या शांघाय शहरात दूषित पाण्यातले, अर्धवट शिजवलेले शिंपले खाऊन सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला होता.

कावीळ खाल्ल्यावर दोन ते सात आठवड्यांनी दिसते. तोवर शिंपले खाल्ल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. म्हणून काविळीच्या रुग्णाने डॉक्टरांना गेल्या दीड-दोन महिन्यांतला किनाऱ्यावरचा प्रवास आवर्जून सांगावा.

कारखान्यांचं पाणी हा वेगळा विषय आहे. ठाणे खाडी, उल्हास नदीचं मुख, मोठी बंदरं यांच्या आसपास शिसं, कॅडमियम, पारा असे धातू गाळात साठलेले असतात आणि शिंपले गाळातच राहतात. शिजवून धातू जात नाहीत. एकदा खाल्ल्याने कोणी आजारी पडत नाही, पण अशा जागेचे शिंपले वारंवार, विशेषतः गरोदर स्त्रिया आणि मुलांनी खाऊ नयेत.

शिजवताना

इंग्रजी सल्ल्यांमध्ये एक वाक्य सगळीकडे असतं: शिंपले उघडेपर्यंत शिजवा. आपल्या स्वयंपाकघरात ते चालत नाही. आपण तिसऱ्या कच्च्या असतानाच विळीवर फोडतो आणि मांस एका शिंपीत ठेवतो. काहीजण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, काहीजण गरम पाण्यात टाकून लगेच काढतात, म्हणजे त्या आपोआप उघडतात. अशा वेळी शिंपी उघडली याचा शिजण्याशी काही संबंध नसतो. गरम पाण्यात उघडलेली तिसरी आतून जवळजवळ कच्चीच असते.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करा. निवड फोडण्याआधी, जिवंत असतानाच करा. शिंपी उघडी दिसली तर तिला टिचकी मारा. मिटली तर जिवंत आहे, नाही मिटली तर फेका. फुटलेली, चिखलाने जड झालेली, वास येणारी फेका. मेलेल्या शिंपल्यात जंतू फार झपाट्याने वाढतात. समुद्रातल्या व्हिब्रिओ जातीच्या काही जंतूंची संख्या अनुकूल उष्णतेत दहा-दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते.

शिजण्याचा वेळ घड्याळाने मोजा. फोडलेल्या तिसऱ्या किंवा सोललेली कालवं रसात पूर्ण उकळी फुटल्यानंतर निदान पाच मिनिटं उकळत राहायला हव्यात. अख्ख्या शिंपल्यांचं पाणी उकळत ठेवून ते उघडल्यानंतर आणखी तीन ते पाच मिनिटं. विषाणू मरायला मांसाच्या आतलं तापमान ८५ ते ९० अंश सेल्सियस दीड मिनिट टिकावं लागतं, आणि नुसत्या वाफेवर शिंपी उघडते तेव्हा आत तेवढी उष्णता पोचलेली नसते. ‘जास्त शिजवलं की रबरासारखं होतं’ ही तक्रार बरोबर आहे. पण पाच मिनिटांत तेवढं होत नाही, वीस मिनिटांत होतं. सुक्यात तिसऱ्या वाटणासोबत परतताना झाकण ठेवा आणि खालचे-वरचे हलवून घ्या, नाहीतर वरचा थर कोमटच राहतो.

लिंबू, आमसूल, व्हिनेगर, तिखट यांनी जंतू मरत नाहीत. खडकावरून काढलेलं कालव तिथेच लिंबू पिळून गिळण्याची हौस अनेकांना असते. निरोगी तरुणाला त्यातून बहुतेक वेळा काही होत नाही, कधीतरी दोन दिवस जुलाब होतात. ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

वेचल्यापासून घरी येईपर्यंत शिंपले ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवा. बंद प्लास्टिकच्या पिशवीत किंवा गोड्या पाण्यात ते मरतात. एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून मुंबईला आणणं टाळाच. आणायचेच असतील तर बर्फाच्या पेटीत, वितळलेलं पाणी त्यांच्यावर साचणार नाही असे ठेवून आणा. शिजवलेलं कालवण बाहेर दोन तासांहून जास्त राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात तासाभराहून जास्त नको.

कोणी कच्चे किंवा अर्धकच्चे शिंपले कधीच खाऊ नयेत

लिव्हरचा आजार असलेल्यांनी. हे एक वाक्य या लेखातून घरी नेलंत तरी पुष्कळ. सिरॉसिस, जुनी हिपॅटायटिस बी किंवा सी, दारूमुळे खराब झालेलं लिव्हर, यांपैकी काहीही असेल तर व्हिब्रिओ वल्निफिकस नावाचा जंतू रक्तात शिरून एक-दोन दिवसांत माणूस दगावू शकतो. या जंतूच्या संसर्गात साधारण पाचपैकी एक रुग्ण वाचत नाही, आणि तो रक्तात पसरला तर प्रमाण याहून वाईट असतं. मधुमेह, किडनीचा आजार, कॅन्सरचे उपचार, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, अवयव प्रत्यारोपण, आणि वारंवार रक्त चढवल्याने शरीरात लोह साठलेले थॅलॅसेमियाचे रुग्ण, या सगळ्यांनाही तोच नियम. लक्षणं अशी: खाल्ल्यानंतर एक ते सात दिवसांत थंडी वाजून ताप, रक्तदाब उतरणं, पायांवर लाल-जांभळे डाग किंवा पाण्याने भरलेले फोड. हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. योग्य अँटिबायोटिक किती तास लवकर सुरू झालं यावर इथे सगळं अवलंबून असतं. डॉक्टरांना शिंपले किंवा खाडीचं पाणी यांचा उल्लेख तुम्हीच करा, नाहीतर साध्या सेप्सिसची औषधं सुरू होतील आणि नेमकं औषध मागे राहील.

गरोदर स्त्रियांना पूर्ण शिजवलेले शिंपले, स्वच्छ जागेचे असतील तर, चालतात. कच्चे नाहीत, हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत जीवघेणा ठरू शकतो. हिपॅटायटिस ए ची लस उपलब्ध आहे. लिव्हरच्या जुन्या रुग्णांनी ती घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावं. युरिक अ‍ॅसिड वाढून सांधे धरणाऱ्यांनी शिणाणे बेताने खावेत.

कालवाने कापलं तर

खाण्याइतकाच धोका वेचताना असतो, आणि त्याकडे लक्ष कमी जातं. कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात आणि वर सांगितलेला जंतू जखमेतूनही शिरतो. जखम लगेच पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने खूप वेळ धुवा, आत अडकलेला शिंपीचा तुकडा काढा. हळद, चुना, तंबाखू भरू नका. मागचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवत नसेल तर घ्या. कापल्यानंतर काही तासांत लाली झपाट्याने पसरली, जखमेच्या मानाने वेदना फारच जास्त वाटल्या किंवा फोड आले, तर ते तातडीचं आहे. मधुमेहींनी पायात जखम असताना खाडीत उतरूच नये. पायाची संवेदना कमी असेल तर कापलेलं कळतही नाही. बाकीच्यांनीही जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे घालावेत.

चिखलात पाय घासत चाला, उचलून टाकू नका. वाळूत दडलेलं पाकट त्यामुळे आधीच निसटतं. त्याचा काटा लागलाच तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना बऱ्याच कमी होतात. पाणी आधी दुसऱ्याने हात घालून पाहावं, कारण दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. नंतर काटा आत राहिलाय का ते दाखवा. शंकूच्या आकाराचा सुंदर, जिवंत शंख दिसला तर तो हातात किंवा खिशात घेऊ नका. या जातीचे काही शंख विषारी डंख मारतात.

पाण्याचं वेळापत्रक

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीला पाऊणने गुणायचं. अमावास्या-पौर्णिमेला ती साधारण सव्वाअकरा येते, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. उधाणाच्या याच दिवसांत पाणी सर्वांत दूर जातं आणि वेचणारे सर्वांत आत जातात. नेमकं तेव्हाच ते परतही वेगाने येतं. भरतीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी चढतं, त्यामुळे पहिल्या तासात ‘अजून वेळ आहे’ असं वाटतं ते फसवं असतं. पाणी फिरण्याआधी वेचणं संपवा आणि वाळूच्या बेटावर पलीकडे गेला असाल तर मधला खळगा आधी ओलांडा. संध्याकाळच्या ओहोटीला अंधार आणि भरती एकदम येतात. नवख्याने सकाळचीच निवडावी. एकट्याने जाऊ नये.

अ‍ॅलर्जी

अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, खाज, धाप ही अ‍ॅलर्जीची लक्षणं. विषात मुंग्या आणि बधिरपणा असतो, गांध्या नसतात. फरक कळला नाही तरी हरकत नाही, दोन्हींसाठी रुग्णालयातच जायचं आहे. कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्या प्रत्येकाला तिसऱ्यांची असतेच असं नाही, पण असू शकते. घरी खाऊन प्रयोग करू नका. आणि रुग्ण नेहमी विचारतात म्हणून: शिंपल्यांच्या अ‍ॅलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही. केवळ त्या कारणाने सीटी स्कॅनचं इंजेक्शन नाकारायची गरज नसते.

परदेशात असाल तर

अमेरिका-कॅनडात राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीत किनाऱ्यावर जाऊन शिंपले वेचतात. तिथे नियम कडक आहेत आणि सोयही चांगली आहे. कॅलिफोर्नियात हौसेने वेचलेले शिणाणे खाण्यावर दरवर्षी १ मे ते ३१ ऑक्टोबर बंदी असते. वॉशिंग्टन राज्याचा आरोग्य विभाग कोणता किनारा आज खुला आणि कोणता बंद हे नकाशावर दाखवतो. २०२४ च्या मे अखेरीस ओरेगॉनच्या किनाऱ्यावर वेचलेले शिणाणे खाऊन वीसहून अधिक लोक आजारी पडले होते. निघायच्या दिवशी नकाशा पाहा, आदल्या आठवड्यातला नको. परवाना लागतो का आणि किती वेचता येतात तेही तिथेच लिहिलेलं असतं.